प्रक्षेपण आज होणार का? श्रीहरिकोटाचे हवामान क्रमाने कसे वाचावे

श्रीहरिकोटाला प्रक्षेपण पाहायला निघालेली मंडळी हवामानाच्या बाबतीत बहुधा दोन चुका करतात. फोनमधल्या ॲपवर पावसाचे चिन्ह दिसले की काही जण तिकीट रद्द करतात. आकाश निरभ्र दिसले की काही जण रॉकेट ठरल्या मिनिटाला सुटणारच असे धरून त्याच रात्रीची परतीची गाडी आरक्षित करतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. सहलीला निघताना आपण ज्या क्रमाने हवामान पाहतो, त्याच क्रमाने आपण रॉकेटचेही हवामान पाहू लागतो. सहलीच्या यादीत पाऊस पहिला असतो, तर रॉकेटच्या यादीत तो जवळजवळ शेवटी येतो. त्याच्या आधी वीज येते, मग दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरचे वारे, मग जमिनीलगतचा वारा. क्रम उलटा लावला की प्रत्येक आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकतो.

पुढील टप्पे त्या क्रमाने मांडले आहेत. विजेविषयीचे आकडे अमेरिकेतील केप कॅनव्हेरलच्या जाहीर नियमांतून घेतले आहेत. श्रीहरिकोटाचा निर्णय त्याच आकड्यांवर होतो असे कोणी समजू नये. मात्र ढगातले भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखेच असल्याने आपला अंदाज बांधायला ते पुरेसे आहेत.

टप्पा १ : आधी लाँच विंडो पाहावी, नंतर आकाश

हवामान बिघडले तर रॉकेट किती वेळ थांबू शकते, हे लाँच विंडोवरून, म्हणजे ज्या अवधीत उड्डाण करता येते त्यावरून ठरते. उपग्रहाला विशिष्ट कक्षेत पोचवायचे असेल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रक्षेपणस्थळ योग्य जागी येण्याची वेळ ठरलेली असते. अंतराळस्थानकाला गाठायचे असेल, तर हा अवधी जवळजवळ एका क्षणाचा उरतो. सूर्यसमकालिक कक्षेसाठी (जिच्यातून उपग्रह एखाद्या जागेवरून रोज ठरावीक स्थानिक वेळी जातो) निघालेल्या पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटलाही फारशी सवड नसते. उलट चाचणी उड्डाणाला काही तासांची मोकळीक असू शकते.

याचे ठळक उदाहरण २७ मे २०२० चे आहे. फ्लोरिडातून दोन अंतराळवीरांना अंतराळस्थानकाकडे घेऊन निघणारे फाल्कन ९ रॉकेट उड्डाणाला सतरा मिनिटे उरली असताना विजेच्या धोक्यामुळे थांबवण्यात आले. ढग थोड्याच वेळात सरकणार होते, पण स्थानक गाठण्यासाठीचा अवधी क्षणाचा होता आणि अतिथंड इंधन भरून थांबण्याचीही सोय नव्हती. उड्डाण ३० मे रोजी झाले. विंडो तासाभराची असती, तर त्याच हवामानात कदाचित त्याच दिवशी झाले असते.

पडताळणी : वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. विंडो किती मिनिटांची आहे, राखीव दिवस कोणते, आणि ती दिवसा आहे की रात्री. राखीव दिवसांचा माग वैमानिकांसाठी निघणाऱ्या नोटॅम या सूचनेत लागतो, कारण तीत बंगालच्या उपसागरावरील धोक्याचे क्षेत्र किती तारखांसाठी बंद ठेवले आहे ते दिलेले असते.

टप्पा २ : महिना ओळखून तिकिटे काढावीत

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते, कारण आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. श्रीहरिकोटा हे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधले बेट आहे, चेन्नईच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर. तिथला मुख्य पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. मुंबईत ऑक्टोबरच्या उन्हाने अंगाची लाही होत असते, तेव्हा तिथे कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे यांची चिंता सुरू झालेली असते. जुलैमध्ये मात्र मुंबई तुंबलेली असताना तिथली दुपार कोरडी असणे नवलाचे नाही. चांद्रयान-२ हे २२ जुलै २०१९ रोजी आणि चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी, दोन्ही दुपारी अडीच ते पावणेतीनच्या दरम्यान निघाले, हे लक्षात ठेवावे.

जून ते सप्टेंबर या काळात गडगडाटी ढग बहुधा दुपारी पश्चिमेकडील जमिनीवर उठतात आणि संध्याकाळी किंवा रात्री किनाऱ्याकडे येतात. म्हणून या महिन्यांत दुपारच्या विंडोपेक्षा रात्रीच्या विंडोची काळजी अधिक करावी. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पावसाचे पट्टे समुद्रावरून येतात आणि त्यांचा जोर उत्तररात्री व पहाटे जास्त असतो, तेव्हा पहाटेच्या विंडोकडे साशंकतेने पाहावे. जानेवारी ते मार्च हा त्यातल्या त्यात सर्वांत निवांत काळ.

इशारा : नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाणार असाल तर प्रक्षेपणाइतकीच प्रवासाची चिंता करावी. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ किनाऱ्यालगत सरकत असताना चेन्नई विमानतळच बंद ठेवावा लागला होता. या दोन महिन्यांत परतीचे तिकीट ठरल्या तारखेनंतर किमान दोन दिवसांनी काढावे.

टप्पा ३ : साधने जमवावीत आणि घड्याळ जुळवावे

फोनमधले साधे ॲप बाजूला ठेवून चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात. पहिली, भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावरील चेन्नई परिसराची डॉप्लर रडार चित्रे. दुसरी, त्याच संकेतस्थळावरील इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची अवरक्त चित्रे, ज्यांत ढगांच्या माथ्याचे तापमान कळते. तिसरी, वेगवेगळ्या उंचीवरचे वारे मोजण्यासाठी चेन्नईच्या मीनंबाक्कम केंद्रावरून सोडलेल्या फुग्याची नोंद, जिचा स्थानक क्रमांक ४३२७९ आहे. चौथी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले विजेचे ‘दामिनी’ ॲप. दामिनी फोन असेल त्या जागेच्या आसपासचे इशारे देते, त्यामुळे पुण्यात बसून तिच्यावर विसंबू नये. श्रीहरिकोटाजवळच्या सुल्लुरुपेटाला उतरल्यावर मात्र तिच्याइतके उपयोगी काही नाही.

इशारा : उपग्रहचित्रांवर आणि फुग्याच्या नोंदीवर जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवल्यावर भारतीय वेळ मिळते. आमच्या गटातील एकाने सकाळी साडेसातचे चित्र ‘रात्री दोनचे’ म्हणून बाजूला सारले होते आणि ज्या ढगाबद्दल बोलायला हवे होते तो चर्चेत आलाच नाही. ०० ची नोंद म्हणजे पहाटे साडेपाच, १२ ची नोंद म्हणजे संध्याकाळी साडेपाच, हे कागदावर लिहून समोर चिकटवावे.

टप्पा ४ : वीज

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि लोक सर्वांत कमी वेळ देतात तो याच टप्प्याला.

आकाशात वीज चमकत नसेल तर धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. ढगात विद्युतभार साठलेला असतो, पण वीज पडण्याइतका नसतो. अशा ढगातून चाळीस-पंचेचाळीस मीटर उंचीचे धातूचे रॉकेट जाते आणि त्यामागे तापलेल्या, विद्युतवाहक वायूची लांबच लांब शेपटी असते. विजेला नसलेली वाट त्यामुळे तयार होते, म्हणजे रॉकेट आपली वीज आपणच ओढून घेते. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ वर उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटातच दोनदा वीज कोसळली. ते वाचले. २६ मार्च १९८७ रोजी ॲटलस-सेंटॉर वाचले नाही, कारण विजेने त्याच्या संगणकाच्या स्मृतीत बिघाड केला, रॉकेट वेडेवाकडे वळले आणि तुटले. दोन्ही वेळा आसपास वादळ थैमान घालत नव्हते. आज पाळले जाणारे कडक नियम या दुसऱ्या अपघातानंतरचे आहेत. (२७ मे २०१९ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून निघालेल्या सोयुझवर वीज पडूनही ते कक्षेत नीट पोचले. हे उदाहरण वादात नेहमी पुढे केले जाते, पण एक रॉकेट वाचले म्हणून नियम सैल होत नाही.)

पाहणी पुढील क्रमाने करावी.

१. अवरक्त चित्रात ढगाच्या माथ्याचे तापमान पाहावे. उष्ण कटिबंधात शून्य अंशाची पातळी सुमारे पाच किलोमीटरवर असते. तिच्या वर, शून्य ते उणे वीस अंशांच्या पट्ट्यात बर्फाचे कण आणि अतिशीत थेंब एकमेकांवर आपटतात आणि तिथे भार विभागला जातो. माथा या पट्ट्याच्या खालीच राहिलेला ढग कितीही काळा दिसला तरी बहुधा निरुपद्रवी असतो. केपच्या नियमांत माथा उणे दहा अंशांपेक्षा थंड असलेल्या क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या उभ्या वाढणाऱ्या ढगापासून ५ सागरी मैल, आणि उणे वीसपेक्षा थंड असलेल्यापासून १० सागरी मैल अंतर राखावे लागते. १० सागरी मैल म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटर.

२. ऐरण शोधावी. पूर्ण वाढलेल्या गडगडाटी ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो आणि वरचे वारे तो पसरट भाग मूळ ढगापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर नेऊ शकतात. जमिनीवरून तो नुसता पांढुरका पडदा वाटतो. वर ऊन, खाली कोरडी जमीन, तरीही पडद्यात भार. ‘आकाश तर स्वच्छ होते, मग थांबवले का?’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा या पडद्यात असते. जुलै-ऑगस्टमध्ये वरचे वारे पूर्वेकडून वाहतात, म्हणून उपसागरावरच्या ढगाची ऐरण श्रीहरिकोटावर येते आणि जमिनीवरच्या ढगाची ऐरण उलट दूर जाते.

३. शेवटची वीज किती वाजता पडली ते नोंदवावे. केपचा नियम १० सागरी मैलांच्या आत वीज पडल्यावर साधारणपणे ३० मिनिटे थांबण्याचा आहे. प्रत्येक नव्या विजेनंतर ही अर्ध्या तासाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विंडो वीस मिनिटांची असेल आणि विंडो उघडल्यावर एक जरी वीज पडली, तर त्या दिवसाचे काम बहुधा संपले.

४. प्रक्षेपणस्थळाभोवती जमिनीवर बसवलेली उपकरणे हवेतील विद्युतक्षेत्र मोजतात. केपवर हे मूल्य दर मीटरला १,५०० व्होल्टच्या पुढे गेले की उड्डाण रोखले जाते. आपल्याला ते घरी दिसत नाही, पण थेट प्रक्षेपणात निवेदकाने विद्युतक्षेत्राचा उल्लेख केला, तर काय चालले आहे ते आता कळेल.

पडताळणी : चित्र एकच पाहू नये. अर्ध्या-अर्ध्या तासाची सलग चार चित्रे पाहून माथे थंड होत आहेत की उबदार, हे ठरवावे. ढगाचा आकार पाहून घाबरण्यापेक्षा तो वाढतो आहे की विझतो आहे, हे कळणे महत्त्वाचे आहे.

टप्पा ५ : वरचे वारे

रॉकेटवर हवेचा सर्वाधिक दाब सुटताना येत नाही. तो साधारण दहा ते पंधरा किलोमीटर उंचीवर येतो, कारण तिथे वेग पुष्कळ वाढलेला असतो आणि हवा अजून पुरेशी विरळ झालेली नसते. नेमक्या या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण भारतावरून पूर्वेकडचा वेगवान वारा वाहतो, ज्याला उष्णदेशीय पूर्वी झोत म्हणतात, आणि श्रीहरिकोटाचे अक्षांश या झोताच्या अगदी वाटेवर आहेत.

पण इथेही नेमकी चूक टाळावी. वारा जोराचा आहे, एवढ्याने उड्डाण अडत नाही. प्रक्षेपणाआधी फुगे सोडून वारे मोजतात आणि त्या वाऱ्याला धरून रॉकेटच्या वळण्याचा कार्यक्रम आखतात, म्हणजे रॉकेट वाऱ्याला सामोरे जायला तयार होऊनच निघते. अडचण होते ती मोजलेला वारा आणि प्रत्यक्ष भेटलेला वारा यांत फरक पडला की, किंवा एक-दोन किलोमीटर उंचीतच वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असली की. रॉकेटचे तोंड आणि समोरून येणारी हवा यांत कोन पडतो, आणि त्या वेगाला लहानसा कोनही लांब, पातळ सांगाड्याला वाकवायला पुरतो.

फुग्याची नोंद उघडल्यावर सगळे आकडे वाचत बसू नये. दाबाच्या स्तंभात २००, १५० आणि १०० हेक्टोपास्कलच्या ओळी शोधाव्यात. त्या साधारण साडेबारा, चौदा आणि साडेसोळा किलोमीटरच्या आहेत. समजा १५० च्या ओळीत दिशा ८५ आणि वेग ७० नॉट दिसला. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू, म्हणून हा वारा पूर्वेकडून येतो आहे. ‘पूर्वेकडे जातो आहे’ असे वाचणारे पुष्कळ भेटतात. ७० नॉट म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर. आता २०० आणि १०० च्या ओळींत तो ५५ आणि ६० असेल, तर बदल सावकाश आहे. त्याऐवजी एका ओळीतून पुढच्या ओळीत ३० वरून ९० वर उडी दिसली, तर मात्र ती ओळ अधोरेखित करावी. वेगाच्या स्तंभावर नॉट लिहिले आहे की मीटर प्रतिसेकंद, हे आधी पाहावे, कारण १ मीटर प्रतिसेकंद म्हणजे जवळपास २ नॉट.

पडताळणी : फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटर चढतो, म्हणजे १५ किलोमीटरवर पोचायला त्याला ५० मिनिटे लागतात. म्हणून अधिकाऱ्यांच्या हातातील अगदी ताजी नोंदही जवळजवळ तासाभरापूर्वीच्या वाऱ्याची असते, आणि आपल्याला दिसणारी तर कित्येक तास जुनी. शेवटच्या तासात ‘वरच्या वाऱ्यांमुळे थांबलो आहोत’ अशी घोषणा झाली, तर घरबसल्या तिच्यावर वाद घालू नये.

टप्पा ६ : जमिनीलगतचा वारा आणि सगळ्यात शेवटी पाऊस

ॲपमध्ये दिसणारा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो आणि पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आहे. शिखराजवळ वारा नेहमीच जास्त असतो. तुलनेसाठी, फाल्कन ९ ला सुमारे ४९ मीटर उंचीवरील सततचा वारा ताशी ४८ किलोमीटरच्या पुढे चालत नाही. सततच्या वाऱ्यासोबत झोतांचा आकडाही पाहावा, कारण सुटताना रॉकेट बाजूच्या मनोऱ्याकडे ढकलले जाता कामा नये.

पाऊस या यादीत इतका खाली आहे हे पटत नसेल तर २२ ऑक्टोबर २००८ ची पहाट आठवावी. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झालेला होता, आकाश भरलेले होते, आणि चांद्रयान-१ ला घेऊन पीएसएलव्ही ६ वाजून २२ मिनिटांनी ढगांत शिरून दिसेनासे झाले. उड्डाण ठरल्या वेळी झाले. दिसायचे तेवढे राहिले. म्हणूनच रॉकेटचे हवामान आणि पाहणाऱ्याचे हवामान यांचे दोन वेगळे रकाने करावेत. सहाशे मीटरवर ढगांचा सलग थर असेल तर पहिल्या रकान्यात बरोबरची खूण आणि दुसऱ्यात फुली पडू शकते.

टप्पा ७ : दूरचे हवामान

मंगळयान २८ ऑक्टोबर २०१३ ला निघायचे होते. ते ५ नोव्हेंबरला दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी निघाले. कारण श्रीहरिकोटाच्या आकाशात नव्हते, ते दक्षिण प्रशांत महासागरात होते. रॉकेटच्या अखेरच्या टप्प्यावर नजर ठेवण्यासाठी पाठवलेल्या दोन जहाजांपैकी नालंदा हे जहाज खवळलेल्या समुद्रामुळे फिजीजवळ वेळेत पोचू शकले नाही. समुद्रातून काही परत आणायचे असेल, तेव्हाही लाटांचा विचार करावाच लागतो, आणि गगनयानाच्या चाचण्यांत तो आहेच.

टप्पा ८ : शेवटचा दिवस आणि थांबण्याचे कारण

आदल्या संध्याकाळी उपग्रहचित्रांवरून एकच प्रश्न सोडवावा : उपसागरात काही संघटित होते आहे का? उड्डाणाच्या सहा तास आधी पुन्हा चित्रे पाहावीत आणि फुग्याची ताजी नोंद पाहावी. दोन तास उरले की रडारशिवाय दुसरे काही पाहू नये. नकाशावर श्रीहरिकोटाभोवती २० किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ कल्पावे, वाऱ्याकडच्या बाजूला ढग किती अंतरावर आहे ते मोजावे, आणि सलग दोन चित्रांवरून त्याचा वेग काढावा. पंधरा मिनिटांत आठ किलोमीटर सरकलेला ढग ताशी ३२ किलोमीटरने येतो आहे. तो ५० किलोमीटरवर असेल तर वर्तुळाच्या कडेला यायला त्याला एक तास लागेल. विंडो त्याआधी संपते की नंतर, एवढाच हिशेब उरतो.

उलटगणती थांबली की लगेच हवामानाला दोष देऊ नये. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाचे चाचणी वाहन सकाळी ८ ला सुटायचे होते. खराब हवामानामुळे वेळ ८.३० झाली, ती पुढे ८.४५ झाली, आणि पाच सेकंद उरले असताना संगणकाने उड्डाण रोखले. तो शेवटचा थांबा इंजिनाच्या प्रज्वलनाशी संबंधित होता, पावसाशी त्याचा संबंध नव्हता. उड्डाण १० वाजता झाले. जे हवामानावर वैतागून पावणेनऊला उठून गेले असतील त्यांचे ते चुकले. १५ जुलै २०१९ च्या मध्यरात्री चांद्रयान-२ मात्र ५६ मिनिटे उरली असताना तांत्रिक कारणाने थांबले आणि त्या रात्री सुटलेच नाही. ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्स या दोन उपग्रह कक्षेत जोडण्याच्या मोहिमेची वेळ दोन मिनिटांनी सरकली, ती कक्षेतील इतर उपग्रहांशी जवळीक टाळण्यासाठी.

कारण समजले की पुढे काय करायचे ते ठरवता येते. वीज हे कारण असेल आणि विंडो अजून उघडी असेल, तर जागा सोडू नये. वरचे वारे हे कारण असेल तर त्या दिवशी सुधारणेची आशा कमी, पण दुसऱ्या दिवशी चित्र पूर्ण वेगळे असू शकते, म्हणून मुक्काम वाढवावा. चक्रीवादळ हे कारण असेल तर दोन-तीन दिवसांत काही होत नाही, सरळ घर गाठावे. तांत्रिक कारण असेल तर नवी तारीख जाहीर होईपर्यंत तिकिटाला हात लावू नये, आणि ती जाहीर झाली की दर्शकसज्जासाठीची नवी ऑनलाइन नोंदणी कधी उघडते ते पाहून टप्पा १ पासून पुन्हा सुरुवात करावी, कारण विंडोची वेळ बदललेली असू शकते.